डोळे बारीक करून

तोरगुननं रंगचक्र आणलं ते पुठ्ठ्याचं,
मधोमध पितळी टाचणी,
कडा हाताळून मऊ पडलेल्या.
स्कार्वायच्या शाळेत, सुकटीच्या वासात,
तिनं ते टेबलावर ठेवलं
आणि जात्यासारखं एकदा फिरवलं.

एकवीस घरं, एक धक्का,
आणि एक चर्च, ज्याला हात लावायचा नाही
हे आधीच ठरलेलं.
इथे नोव्हेंबरात मावळलेला सूर्य
जानेवारीत उगवतो.
तोवर दुपारी दोन तास
ताकाच्या निवळीसारखा उजेड.

"साठ टक्के शांत रंग," ती म्हणाली,
"तीस टक्के त्याच्या सोबतीला,
आणि दहा म्हणजे चिमूटभर.
ते वाढलं की कालवण खारट."
माना हलल्या.
मीठ सगळ्यांनाच कळतं इथे.

मग म्हणाली, चक्रावर समोरासमोर बसलेले रंग
एकमेकांना चेतवतात.
लाल भिंतीकडे टक लावून बघा,
मग बर्फाकडे वळा:
बर्फावर हिरवट घर उभं राहतं,
कुणीच न बांधलेलं.
पोरं दिवसभर तेच खेळत बसली.
आणि करडा? त्याला स्वतःचं मत नाही.
लालाशेजारी बसवला की हिरवट,
निळ्याशेजारी थोडा पिवळा.
"आमच्या सरपंचासारखा," मागून कुणीतरी म्हणालं.

तिचा आराखडा असा:
एक घर विटकरी, एक शेवाळी, आलटून पालटून,
मागे पारवा डोंगर, पुढे पारवा समुद्र,
आभाळ त्याहून एक धुणं फिकं.
दारं भिंतीच्याच रंगाची.
नजरेला उगाच ठेच नको.

एलर्टनं हात वर केला.
"यात माझं कुठलं?"
"आठवं. हिरवं."
"आणि ओस्लाकचं?"
"सातवं. लाल."
"मला दोन्ही एकच दिसतात."

हशा पिकला. तो हसला नाही.
जन्मापासून लाल आणि हिरवा
त्याच्या डोळ्यांत एकाच पिंपात भिजलेले.
बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा,
तेवढं ओळखता आलं नाही म्हणून
सुकाणू कधी हातात आलं नाही.
चाळीस वर्षं जाळीच ओढली.
"बोर्गहिल्ड होती तेव्हा
एकदा उरलेल्या रंगानं तिनं दार पांढरं केलं.
समुद्रातून मला तेवढंच दिसतं.
तोंडात एकच दात असावा तसं."

रात्री तोरगुननं आराखड्याचा फोटो काढला
आणि त्यातला रंग काढून टाकला.
सातवं आणि आठवं घर
एकमेकांत विरघळलं.
नववंही. दहावंही.
धक्क्यापासून चर्चपर्यंत
एकच लांबलचक मुकी गोदी.

एकोणीस वर्षं ती विद्यार्थ्यांना सांगत आली होती:
आधी डोळे बारीक करा,
उजेड किती ते बघा,
रंगाचं नाव मागाहून.
चक्र इतकं देखणं होतं
की तिचं तिलाच आठवलं नाही.

सकाळी बादली घेऊन ती धक्क्यावर बसली.
शेवाळीत पांढरा ओतत गेली, पळी पळीनं,
पानाच्या पाठीमागची बाजू असते
तिथवर.
विटकरीत थोडी काजळी.
मध्येच उठायची, डोळे किलकिले करायची,
पुन्हा बसायची.
एलर्ट शेजारी उभा. "अजून?" तिनं विचारलं.
"अजून."
"आता?"
"आता ते माझं नाही, ओस्लाकचं आहे हे कळतं."
"उलट आहे. फिकं तुझं."
"असू दे. दोन आहेत, एवढं कळलं."

दहा टक्क्यांपुढे तिनं
मोहरी-पिवळा लिहिला होता.
तो खोडला.

हिरवं म्हणजे काय
हे त्याला अजून ठाऊक नाही.
घर पोरांनी रंगवलं,
दार मात्र त्यानं स्वतः, दोन हातांत.
बिजागरीजवळ ब्रशचा एक केस
ओल्या रंगात चिकटून राहिला.
तो त्यानं काढला नाही.